प्रिय शेतांचे गाव

उत्तर अमेरिका खंडाच्या मध्यभागी, मिसिसिपी नदीच्या पश्चिमेपासून रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत, एक अफाट गवताळ मैदान पसरलेले आहे. त्यास प्रेअरी असे म्हणतात. शेकडो मैल चालले तरी वाटेत डोंगर लागत नाही की वृक्षांची राई लागत नाही. पूर्वेकडे पाऊस बऱ्यापैकी पडतो, म्हणून तेथील गवत पुरुषभर उंच वाढत असे. पश्चिमेकडे जावे तसतसा पाऊस कमी होत जातो आणि गवतही खुजे होत जाते. रॉकी पर्वताच्या अलीकडे, कोलोरॅडो राज्याच्या पूर्व भागात, वर्षाकाठी जेमतेम १२ ते १४ इंच पाऊस पडतो. तोही नेमाने पडेल असे नाही. हिवाळ्यात तेथे हिमवादळे होतात आणि उन्हाळ्यात गारांचा मारा एका घटकेत उभे पीक झोडपून काढतो. वारा मात्र बाराही महिने वाहत असतो.

या मैदानात, ग्रीली नावाच्या शहराच्या पूर्वेस २५-३० मैलांवर, ३४ क्रमांकाच्या राजमार्गालगत लाकडी घरांचे काही जीर्ण अवशेष उभे आहेत. वाटसरूला ते एखाद्या पडक्या खळ्याचे वाटावेत. परंतु सुमारे शंभर वर्षांपूर्वी तेथे दोनतीनशे माणसांचे एक गाव नांदत होते. गावात शाळा होती, देवळे होती, उपाहारगृह होते, शनिवारी रात्री सारंगीचे सूर ऐकू येत. त्या गावाचे नाव डिअरफील्ड. ते वसवणारे लोक कृष्णवर्णीय होते, आणि त्यांपैकी पुष्कळांचे आईबाप किंवा आजेआजी गुलाम म्हणून जन्माला आलेले होते.

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने कायमची रद्द झाली. या घटनेचा पडसाद पार महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले आहे. परंतु बेड्या तुटल्या म्हणून घरात धान्य येत नाही. ज्या जमिनीत या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला होता ती जमीन जुन्या मालकांच्याच हाती राहिली. युद्ध संपता संपता दक्षिणेच्या किनाऱ्यावरील काही मुक्त कुटुंबांना चाळीस चाळीस एकर जमीन देण्याचा हुकूम निघाला होता. तो त्याच वर्षी, १८६५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी फिरवला. मग काल गुलाम असलेला माणूस आज त्याच मालकाच्या शेतात वाट्याने राबू लागला. बी मालकाचे, औते मालकाची, हिशेबाची वहीही मालकाची. वर्ष संपले की कर्ज तेवढे त्याच्या वाट्याला येई. स्वतःच्या मालकीचा जमिनीचा तुकडा असावा, ही आस या लोकांच्या मनात किती खोल गेली असेल याची यावरून कल्पना येते.

पश्चिमेकडे मात्र सरकारी जमीन होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याप्रमाणे, जो कोणी १६० एकर जमिनीवर घर बांधून पाच वर्षे राहील व ती कसून दाखवील त्याला अल्पशी फी घेऊन ती जमीन मालकीहक्काने मिळत असे. १९०९ साली कोरड्या मुलखासाठी हे क्षेत्र ३२० एकर करण्यात आले, आणि १९१२ साली पाच वर्षांची अट तीन वर्षांवर आली. सरकार जमिनीचा वाटा दुप्पट करते आणि अटही सैल करते, यावरून ती जमीन कशी असेल हे जाणत्याने ओळखावे. चांगली जमीन त्यापूर्वीच उठून गेली होती.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ही ‘सरकारी’ जमीन सरकारची तरी कोठे होती? नॉर्थ प्लॅट आणि आर्कन्सॉ या दोन नद्यांमधील प्रदेश शायेन व अरापाहो या जमातींचा आहे, असे १८५१ च्या तहात सरकारनेच मान्य केले होते. त्यानंतर सोन्याच्या शोधात गोऱ्यांची रीघ लागली, तह मोडले गेले, आणि १८६४ साली सँड क्रीकच्या काठी या जमातींच्या स्त्रिया, मुले व वृद्ध यांची सैनिकांनी कत्तल केली. एका पीडित समाजाला जो आसरा सापडला तो दुसऱ्या पीडित समाजाच्या उजाड झालेल्या घरावर होता.

डिअरफील्डचे संस्थापक ऑलिव्हर तूसाँ जॅक्सन यांचा जन्म १८६२ साली ओहायो राज्यातील ऑक्सफर्ड या गावी झाला. त्यांचे आईवडील पूर्वी गुलाम होते. हैतीच्या गुलामांना स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरवणाऱ्या तूसाँ लूव्हर्त्यूर या वीराची आठवण जॅक्सन यांच्या नावात आहे. १८८७ साली ते कोलोरॅडोत आले. डेन्व्हर आणि बोल्डर या शहरांत मेजवान्यांची व्यवस्था पाहणे, उपाहारगृह चालवणे असे व्यवसाय त्यांनी केले, बोल्डरजवळ शेतीही केली. पुढे ते राज्याच्या गव्हर्नरांच्या कचेरीत निरोप्या म्हणून नोकरीस लागले आणि एकामागून एक आलेल्या अनेक गव्हर्नरांच्या कारकिर्दीत त्या जागेवर राहिले. निरोप्याची जागा ती काय! परंतु कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला कोणता अर्ज कोणत्या टेबलावर अडतो हे ठाऊक होते. या ठाऊकपणाचा जॅक्सन यांना पुढे मोठा उपयोग झाला.

याच सुमारास त्यांच्या हाती बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र पडले. वॉशिंग्टन हे स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले; त्यांनी १८८१ पासून अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी शाळा उभारली. कसब शिका, जमीन घ्या, स्वतःच्या पायांवर उभे राहा, म्हणजे मान आपोआप मिळेल, असा त्यांचा उपदेश होता. राजकीय हक्कांची मागणी मागे ठेवणारा हा उपदेश डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यासारख्या विचारवंतांना मान्य नव्हता, आणि त्यांच्या आक्षेपात तथ्य होते. जॅक्सन यांना मात्र त्या पुस्तकात आपल्या आयुष्याचे काम सापडले. आपल्या लोकांचे, आपल्या लोकांनी चालवलेले एक गाव प्रेअरीवर वसवायचे, असा त्यांनी निश्चय केला.

ठिकठिकाणी नकार पदरी आल्यावर अखेर गव्हर्नर जॉन शॅफ्रॉथ यांचे साहाय्य त्यांना लाभले. १९०९ साली जॅक्सन यांनी वसाहतीसाठी एक कंपनी काढली आणि १९१० साली वेल्ड परगण्यातील ३२० एकर जमिनीवर आपला दावा नोंदवला. गावाला नाव काय द्यावे, असा प्रश्न निघाला तेव्हा डेन्व्हरचे कृष्णवर्णीय डॉक्टर वेस्टब्रुक यांनी ‘डिअरफील्ड’ हे नाव सुचवले. ‘डिअर’ म्हणजे प्रिय आणि ‘फील्ड’ म्हणजे शेत. ही शेते आपल्याला फार प्रिय होणार आहेत, असा त्यातील भाव होता. इंग्रजीत ‘डिअर’ या शब्दाचा महाग असाही अर्थ होतो. त्या वेळी तो कोणाच्या मनात आला नसावा.

१९११ साली पहिली सात कुटुंबे आली. त्यांच्यापाशी काय होते? हात होते, आणि दुसरे फारसे काही नव्हते. काहींजवळ तर गावापर्यंतचे आगगाडीचे भाडेही नव्हते. पैसे पुरले तेथवर गाडीने यावे आणि उरलेली वाट पायी तुडवावी, असे करून ते पोहोचले. सात घरांपैकी दोघांनाच लाकडी घर बांधणे परवडले. बाकीच्यांनी तंबू ठोकले, टेकाडाच्या उतारात गुहेसारखी बिळे खणली आणि त्यांत मुलाबाळांसह तो हिवाळा काढला. प्रेअरीवर सरपण मिळत नाही; झाडच नाही तर लाकूड कोठून येणार! बायकामुले मैलोगणती फिरून रानशेणी वेचीत आणि सेजब्रश नावाची काटक झुडपे उपटून आणीत. त्यांच्यावर चूल पेटे आणि त्यांच्यावरच थंडी निभावे. वसाहतीत सहा घोडे होते. त्यांपैकी तीन उपासमारीने मेले आणि उरलेले तीन इतके खंगले की रिकामी गाडीही त्यांना ओढवेना.

असा हिवाळा पाहिल्यावर वसंतात कोणी उठून गेले असते तर त्यांना दोष देता आला नसता. परंतु वसाहत मोडली नाही. पुढील वर्षी आणखी कुटुंबे आली, त्यापुढील वर्षी आणखी. शेतात काम नसे तेव्हा पुरुष आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे आणि आगगाडीच्या रस्त्यावर मजुरीला जात, बायका डेन्व्हरमध्ये घरकाम करीत, आणि चार डॉलर गाठीला बांधून पेरणीच्या वेळेस सर्वजण परत येत. स्वतः जॅक्सन यांनीही डेन्व्हरची नोकरी सोडली नव्हती. शेतीने माणसाला पोसावे, ही जगाची रीत. येथे कित्येक वर्षे माणसांनीच मजुरी करून शेतीला पोसले.

ही शेती कशी होती ते समजावून घेतल्याशिवाय गावाची पुढील हकिकत कळणार नाही. ती सर्वस्वी जिराईत होती. थोड्या पावसात पीक कसे काढावे याची एक पद्धत त्या काळी फार गाजत होती. खोल नांगरट करावी, म्हणजे पडेल तो थेंब आत मुरतो; मग वरचा थर वारंवार कुळवून भुसभुशीत ठेवावा, म्हणजे आतली ओल उडून जात नाही; एक वर्ष शेत पडीक ठेवून त्या वर्षाची ओल पुढल्या पिकाला द्यावी. यात तथ्य नव्हते असे नाही. मात्र ज्या भुसभुशीत थराची एवढी थोरवी सांगितली जाई, तोच वारा सुटला म्हणजे सर्वांआधी उडू लागतो, ही गोष्ट पुढे कळून आली.

त्याहूनही घातक असा एक समज लोकांत पसरला होता. जेथे नांगर जातो तेथे मागोमाग पाऊस जातो, असे पुस्तके लिहून सांगणारे लोक तेथे होते. चार्ल्स डेना विल्बर या गृहस्थांनी १८८१ साली हे मत छापून प्रसिद्ध केले. योगायोगाने त्या सुमारास काही वर्षे पाऊसही चांगला झाला, आणि रेल्वे कंपन्या व जमिनीचे दलाल यांना तर असे मत हवेच होते. याच्या आधी, १८७८ साली, जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भवेत्त्याने सरकारला एक अहवाल सादर केला होता. पॉवेल यांचा उजवा हात यादवी युद्धात गेला होता. एका हाताने होडी सावरीत त्यांनी १८६९ साली कोलोरॅडो नदीच्या भयंकर दऱ्यांतून प्रवास केला होता. जेथे २० इंचांपेक्षा कमी पाऊस पडतो तेथे पाटाच्या पाण्यावाचून शेतीचा भरवसा धरू नये. तेथे गुरे चारावीत, आणि त्यासाठी एका कुटुंबाला २,५६० एकर जमीन द्यावी, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. गोड बोलणाऱ्या दलालापुढे खरे बोलणाऱ्या शास्त्रज्ञाचे काय चालणार!

डिअरफील्डजवळ पाणीच नव्हते काय? होते, आणि दुःखाची गोष्ट हीच आहे. रॉकी पर्वतातील बर्फ वितळून जिचे पाणी वाढते ती साउथ प्लॅट नदी गावाच्या उत्तरेस थोड्याच अंतरावरून वाहते. परंतु त्या नदीचे पाणी डिअरफील्डच्या शेतांना मिळू शकत नव्हते. कोलोरॅडोत पाण्याचा कायदा असा की, ज्याने आधी पाट काढून पाणी वापरात आणले त्याचा हक्क पहिला. नदी कोणाच्या शेताला लागून वाहते याला किंमत नाही. कोण कोणत्या साली आला याला किंमत आहे. हे तत्त्व १८७६ च्या राज्यघटनेत आले आणि १८८२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. नदीला पाणी कमी आले की प्रथम सर्वांत नव्या हक्कदाराचा पाट बंद होतो, मग त्याच्या अगोदरच्याचा. सर्वांत जुन्याचा पाट शेवटपर्यंत वाहत राहतो. ग्रीलीची वसाहत १८७० साली स्थापन झाली होती. तेथील लोकांनी भांडवल एकत्र करून लांबलांबचे पाट खणले आणि माळाचे बागाईत केले. ते कष्टाळू होते यात शंका नाही. परंतु डिअरफील्डचे लोक कष्टात त्यांच्याहून उणे नव्हते; ते चाळीस वर्षे उशिरा आले होते, इतकेच. आणि चाळीस वर्षांपूर्वी ते आले असते तरी नुकत्याच सुटलेल्या गुलामाजवळ पाट खणण्याचे भांडवल कोठले? जुना हक्क विकत घ्यावा तर तेवढा पैसा नव्हता, आणि खोल विहिरीतून शेतभर पाणी उपसणारी यंत्रे त्या काळी गरिबाच्या आवाक्याबाहेरची होती. नदी वाहत होती. यांची शेते आभाळाकडे पाहत होती.

तरीही काही वर्षे आभाळाने साथ दिली. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले, तिकडची शेते ओस पडली आणि अमेरिकेच्या धान्याला कधी नव्हे असा भाव आला. त्यातच पाऊसही बरा झाला. ओट, बार्ली, मका, घेवडा, बटाटे, गुरांसाठी लसूणघास, शिवाय कलिंगडे व भोपळे अशी नाना पिके डिअरफील्डच्या रेताड जमिनीने दिली. अंगणात कोंबड्या, बदके व टर्की पक्षी दिसू लागले. बिळे बुजली आणि लाकडी घरे उभी राहिली. दोन देवळे झाली, शाळा झाली, किराणा मालाचे दुकान, लोहाराची भट्टी, उपाहारगृह आणि पुढे मोटारी वाढल्यावर पेट्रोलचा पंप झाला. एक नाचघरही होते. शनिवारी-रविवारी डेन्व्हरची कृष्णवर्णीय मंडळी मोटारी भरभरून तेथे येत, जेवत, गात, नाचत. शहरात कित्येक ठिकाणी ज्यांना पुढच्या दाराने आत घेत नसत, ती माणसे येथे यजमानाच्या घरी पाहुणी म्हणून येत होती.

१९२० च्या सुमारास गावात दोनतीनशे लोक राहत होते असा अंदाज आहे. जॅक्सन यांनी प्रसिद्ध केलेले काही आकडे याहून पुष्कळ मोठे आहेत. गाव वसवणारा माणूस गावाची जाहिरातही करीत असतो. अशा आकड्यांत त्याचा उत्साह मिळवलेला असतो हे वाचकाने लक्षात ठेवावे. फळे व भाज्या डबाबंद करणारा कारखाना काढावा, एक महाविद्यालय काढावे, असे बेतही त्यांनी आखले होते. गावाच्या नकाशावर आखलेले कितीतरी रस्ते प्रत्यक्षात कधी उमटले नाहीत. परंतु जे उभे राहिले ते काही थोडे नव्हते. त्याच दशकात कोलोरॅडोत कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेचे मोठे प्रस्थ माजले होते. १९२४ साली तिच्या पाठिंब्याचा माणूस गव्हर्नर म्हणून निवडून आला. राजधानीत असा काळ असताना, तेथून सत्तर मैलांवर काही कृष्णवर्णीय कुटुंबे स्वतःच्या नावच्या सातबाऱ्याप्रमाणे सरकारी सनदा पेटीत जपून ठेवून निर्धास्त झोपत होती.

युद्ध संपले आणि युरोपातील शेतकरी आपल्या नांगराकडे परतला. अमेरिकेत १९१९ साली एका बुशेल गव्हाला, म्हणजे सुमारे २७ किलोंना, दोन डॉलरांहून अधिक भाव मिळत होता. १९२१ साली तो एका डॉलरवर आला. तेजीच्या दिवसांत ज्यांनी कर्ज काढून अवजारे घेतली त्यांचे हप्ते मात्र तेजीतलेच राहिले. ही आपत्ती एकट्या डिअरफील्डची नव्हती. सबंध प्रेअरीवरील लहान शेतकरी तीत होरपळला. पण ज्याच्या शेतात पाटाचे पाणी होते त्याचे निदान पीक तरी येत होते. डिअरफील्डमध्ये भावही गेला आणि पाऊसही गेला. एकेक कुटुंब डेन्व्हरची वाट धरू लागले.

मग १९३० नंतरची वर्षे आली. अमेरिकेच्या इतिहासात ती धुळीच्या वादळांची वर्षे म्हणून प्रसिद्ध आहेत. ज्या गवताच्या मुळ्यांनी हजारो वर्षे माती धरून ठेवली होती ते गवत कोट्यवधी एकरांवर नांगरून टाकलेले होते. पावसाने पाठ फिरवताच मोकळी झालेली माती वाऱ्याबरोबर उठली. दिवसा दिवे लावावे लागत. दारांच्या फटींत ओली फडकी कोंबली तरी ताटात धूळ येई. १४ एप्रिल १९३५ रोजी दक्षिणेकडील मैदानांवर जे वादळ उठले त्या दिवसाला लोक ‘काळा रविवार’ म्हणू लागले. त्याच वर्षी मृदासंधारणासाठी सरकारने स्वतंत्र खाते उघडले. वादळांचा सर्वांत मोठा तडाखा डिअरफील्डच्या बऱ्याच दक्षिणेस बसला. परंतु अवर्षण येथेही तितकेच निर्दय होते. १९३२ साली गव्हाचा भाव बुशेलला ४० सेंटांच्याही खाली गेला होता. पिकलेच तर विकून काय मिळणार, आणि न पिकले तर खाणार काय? घरे रिकामी होऊ लागली. शाळेत मुले उरली नाहीत. ज्या देवळांत वर्षानुवर्षे भजने झाली त्यांची दारे वाऱ्याने उघडझाप करू लागली.

प्रेअरीवर मोडलेली गावे पुष्कळ आहेत, आणि ती सारीच अवर्षणाने मोडली असे नाही. कॅन्सस राज्यातील निकोडेमस हे गाव १८७७ साली मुक्त झालेल्या गुलामांनीच वसवले. आगगाडीचा रस्ता त्याला वगळून गेला आणि १८८८ नंतर तेथील दुकानदार आपला व्यापार उचलून रुळांकडे निघून गेले. तरी निकोडेमसमध्ये आजही थोडी माणसे राहतात, आणि दर वर्षी जुलैच्या अखेरीस दूरदूर पांगलेले वंशज तेथे जमून मुक्तीचा उत्सव साजरा करतात. डिअरफील्डच्या नशिबी तेवढेही आले नाही.

१९४० च्या शिरगणतीत डिअरफील्डची लोकसंख्या १२ भरली. जॅक्सन तेव्हा ७८ वर्षांचे होते आणि तेथेच राहत होते. ज्यांना हाक मारून त्यांनी या माळावर आणले होते ते बहुतेक सारे निघून गेले होते. त्यांना राहा म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्यांना वाटले नसावे. पंपावर एखादी मोटार थांबली तर पेट्रोल भरावे, उपाहारगृहात कोणी आले तर जेवू घालावे, असा त्यांचा दिनक्रम होता. गाव विकण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. गिऱ्हाईक मिळाले नाही. १९४२ साली त्यांची पत्नी मिनर्व्हा निवर्तली. पुढे त्यांची पुतणी जेनी त्यांच्या शुश्रूषेसाठी येऊन राहिली. १९४८ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ८५ व्या वर्षी, जॅक्सन यांचे निधन झाले.

आता जेनीने शहरात निघून जावे, असे कोणालाही वाटले असते. ती गेली नाही. शेजार नाही, शाळेची घंटा नाही, रात्री एका घराचा उजेड दुसऱ्या घराला दिसेल असे दुसरे घर नाही, अशा त्या माळावर पुढे पंचवीस वर्षे डिअरफील्ड हा पत्ता तिने जिता ठेवला. १९७३ साली ती वारली. अमेरिकेत ओसाड पडलेल्या गावाला भुतांचे गाव म्हणण्याची रीत आहे. आपल्याकडील जमीनमहसुलाच्या दप्तरात अशा गावापुढे ‘बेचिराख’ असा शेरा लिहीत. चिराख म्हणजे दिवा; ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराख. डिअरफील्ड त्या वर्षी खऱ्या अर्थाने बेचिराख झाले.

१९९५ साली या जागेची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. डेन्व्हर येथे पश्चिमेकडील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे एक संग्रहालय आहे. त्याने येथील बरीच जमीन मिळवून जुन्या इमारती राखण्याची खटपट चालवली आहे. ग्रीली येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी घरांच्या जागा उकरून पाहिल्या, जमिनीचे जुने दप्तर चाळले, आणि कोणत्या तुकड्यावर कोणाचे घर होते याचा माग काढला. सरकारी नोंदीत त्या मालकांची नावे आजही वाचता येतात: अमुक इसम, इतके एकर, सनद दिल्याचा दिनांक. गुलाम असलेल्या बापाचे नाव अशाच सरकारी कागदात, पण मालमत्तेच्या यादीत, येत असे. मुलाचे नाव मालकाच्या रकान्यात आले आहे.

राजमार्गावरून गाड्या वेगाने जातात. उपाहारगृहाच्या फळ्या उन्हावाऱ्याने करड्या पडल्या आहेत. शेते होती तेथे पुन्हा खुजे गवत आणि सेजब्रश उगवले आहे, आणि उत्तरेकडे साउथ प्लॅटचे पाणी जुन्या हक्कांच्या क्रमाने आपापल्या पाटांत वळत असते.